शब्दार्थ नकोत: न्यूझीलंडमधल्या मराठी मंडळांना एक खुलं पत्र

सर्व मंडळांच्या कार्यकारिणी आणि रविवारच्या मराठी शाळांचे शिक्षक यांस,

सप्रेम नमस्कार. किआ ओरा.

आमच्या शाळेच्या कपाटासाठी पुस्तकं घ्यायची बैठक मध्यंतरी झाली. अकरा माणसं, दोन तास आणि चकल्यांचा एक डबा. बालगीतं, शिवचरित्र, सणांची पुस्तकं, चित्रांची अंकलिपी हे सगळं पटापट मंजूर झालं. मग मी माझी चिठ्ठी पुढे सरकवली. तिच्यावर पॅट्रिशिया ग्रेस यांची चार पुस्तकं होती. एकाने विचारलं, "मराठी शाळेत इंग्रजी पुस्तकं कशाला?" दुसऱ्या बाई हसून म्हणाल्या, "माओरी लेखिका ना? म्हणजे जमीन-बिमीन असणार नेहमीचं." अध्यक्षांनी विषय पुढच्या बैठकीवर ढकलला. ढकललेल्या विषयाचं आपल्या मंडळांत पुढे काय होतं ते आपण सगळेच जाणतो. हा संवाद फक्त आमच्याकडेच झाला असेल असं मला वाटत नाही, म्हणून सगळ्यांनाच उघड लिहिते आहे.

आधी माझी स्वतःची चूक सांगते, म्हणजे उपदेश करतेय असं वाटणार नाही.

दोन वर्षांपूर्वी वर्गात "माझी सुट्टी" हा निबंध दिला होता. नऊ वर्षांच्या एका मुलाने लिहिलं की तो शेजारच्या माओरी आजोबांबरोबर प्लिमर्टनच्या धक्क्यावर गळ टाकायला गेला. एक काहावाई मिळाला. "पहिला मासा आजोबांनी परत सोडला. कारण तो आपला नसतो." मी त्या वाक्याखाली लाल रेघ मारली आणि समासात लिहिलं, "अर्थ लागत नाही. मासा निसटला असं लिही." त्याने मुकाट्याने खोडलं आणि मासा निसटला असं लिहिलं. मी वर बरोबरची खूण केली.

त्यानंतर काही महिन्यांनी पोरिरुआच्या वाचनालयात मला पॅट्रिशिया ग्रेस यांची 'बटरफ्लाईज' ही कथा सापडली. जेमतेम एका पानाची. आजी नातीच्या वेण्या घालते, आजोबा म्हणतात बाईंचं ऐक, आणि मुलगी शाळेत जाते. दोघं म्हातारी शेतात राबणारी. संध्याकाळी मुलगी वही घेऊन येते. बागेत फुलपाखरं मारली असं तिने लिहिलंय, चित्रही काढलंय. बाईंना आवडलं का, असं आजोबा विचारतात. बाईंनी सांगितलंय की फुलपाखरं सुंदर असतात, उन्हात उडतात, त्यांना मारायचं नसतं. आजी-आजोबा बराच वेळ काही बोलत नाहीत. मग आजोबा एवढंच म्हणतात, की हे बघ, तुझ्या बाई कोबी सुपरमार्केटातून विकत घेतात ना, म्हणून.

कथा तिथेच संपते. कोबीच्या पानावर अंडी घालणारं पांढरं फुलपाखरू ज्याने पाहिलंय, सकाळी उठून अळ्यांनी केलेली पानांची चाळण ज्याने पाहिलीय, त्याला पुढे काही सांगावं लागत नाही. आपल्यातल्या कितीतरी जणांचे आजोबा शेतकरी होते. त्यांना हे वाक्य इंग्रजी वाचकापेक्षा लवकर लागेल. मला मात्र ते वेगळ्याच ठिकाणी लागलं. ती सुपरमार्केटवाली बाई मी होते. माझ्या लाल पेनाने एका मुलाला खोटं लिहायला शिकवलं होतं, तेही शुद्ध मराठीत.

तर ही लेखिका कोण? पॅट्रिशिया ग्रेस यांचा जन्म १९३७ मध्ये वेलिंग्टनला झाला. आई आयरिश वंशाची, वडील माओरी. त्यांच्याकडून नातं लागतं ते ङाती तोआ, ङाती राउकावा आणि ते आती आवा या कुळांशी. (जाता जाता: अंकलिपीत 'ङ'च्या चौकटीला धड चित्र मिळत नाही म्हणून आपण इतकी वर्षं हळहळतो. इथे शब्दच्या शब्द ङ ने सुरू होतात. आपल्या मुलांना ते सहज म्हणता येतात, कारण ते अक्षर आपण पाठ करून ठेवलेलं आहे.) वेलिंग्टनच्या शाळेत आपण वेगळे आहोत हे त्यांना लहानपणीच कळलं, आणि तेही वाईट पद्धतीने. कुणाची खेळण्यातली बंदूक हरवली, भिंतीवर कुणी काही खरडलं, तर बोट आधी त्यांच्याकडे वळायचं. वाचायला मिळणारी पुस्तकं सगळी दुसऱ्या देशांची होती. न्यूझीलंडमधला लेखक इथल्या बोलीत लिहितो हे फ्रँक सार्जसन वाचल्यावर कळलं, तेव्हा त्या शिक्षिका व्हायला निघाल्या होत्या. पुढे त्यांनी अनेक वर्षं शाळांत शिकवलं, त्यात पोरिरुआतलं कॉलेजही आलं. ङाती पोरोऊ कुळातल्या केरेही वाइआरिकी ग्रेस यांच्याशी लग्न केलं आणि सात मुलं वाढवली. लिहिणं हे सगळं सांभाळून केलं.

१९७५ मध्ये 'वाइआरिकी' आलं. माओरी स्त्रीने लिहिलेला तो पहिला छापील कथासंग्रह. त्याच वर्षी फिना कूपर या वृद्ध बाईंच्या पुढारपणाखाली हजारो माणसं उत्तरेच्या टोकापासून वेलिंग्टनच्या संसदेपर्यंत चालत आली, उरलेली जमीन जाऊ देणार नाही असं सांगायला. १९७८ मध्ये 'मुतुफेनुआ' ही कादंबरी, तीही माओरी स्त्रीची पहिली. १९८६ मध्ये 'पोतिकी'. २००८ मध्ये त्यांना अमेरिकेतला न्यूस्टाट हा साहित्यपुरस्कार मिळाला. १९८८ मध्ये तो आपल्या राजा राव यांना मिळाला होता. बाकी पुरस्कारांची यादी इथे देत नाही. ज्यांना पुरस्कार बघूनच पुस्तक घ्यायचं असेल त्यांच्यासाठी एवढं पुरे.

माझं म्हणणं पुरस्कारांबद्दल नाहीच. या बाईंनी आपल्या पुस्तकांतून माओरी शब्दांचे अर्थ द्यायला नकार दिला, ते शब्द तिरक्या अक्षरांत छापू द्यायला नकार दिला, आणि हा नकार आपल्याइतका दुसऱ्या कुणालाच कळणार नाही, असं माझं म्हणणं आहे.

'पोतिकी'त शब्दार्थांची यादी नाही. त्यांचं म्हणणं साधं होतं: माओरी भाषेला तिच्या स्वतःच्याच देशात परकी भाषा म्हणून वागवलेलं मला चालणार नाही. शेवटचा मजकूर तर पूर्ण माओरीत आहे आणि खाली भाषांतर नाही. लक्षात घ्या, हे १९८६ चं पुस्तक. माओरीला या देशाच्या अधिकृत भाषेचा दर्जा मिळाला १९८७ मध्ये. कायद्याच्या एक वर्ष आधी एका शिक्षिकेने कादंबरीत तो देऊन टाकला होता. काही समीक्षकांना पुस्तक राजकीय वाटलं. त्यावर त्यांचं म्हणणं असं, की मी साधी माणसं त्यांच्या रोजच्या जगण्यासह लिहीत होते, जमिनीचा प्रश्न त्या रोजच्या जगण्यातच आहे.

आता आपल्याकडे बघा. आपण घरी मुलांशी मराठीत बोलतो, आणि पाहुणा गोरा असला की "पोहे म्हणजे फ्लॅटन्ड राइस" असं लगेच सांगून मोकळे होतो. त्याने विचारलेलंही नसतं. वरण म्हणजे डाळीचं सूप, गणपती म्हणजे हत्तीचा देव. आपण चालतीबोलती तळटीप झालो आहोत. आणि मुलांनी मराठी आपली मानावी अशी अपेक्षा रविवारी दोन तास करतो.

पण तळटीप नसली तर कळणार कसं, असं बैठकीत विचारलं गेलं. रास्त प्रश्न आहे. मी मराठीतूनच उत्तर देते.

'पोतिकी' म्हणजे काय? इंग्रजीत त्याला "सगळ्यात धाकटं मूल" असं लांबण लावून सांगावं लागतं. आपल्याकडे एक शब्द आहे: शेंडेफळ. त्यात लाड आहे, काळजी आहे, थोडी चेष्टाही आहे. कादंबरीतलं शेंडेफळ म्हणजे टोको, वाकड्या शरीराचा आणि पुढचं आधी दिसणारा मुलगा. त्याला कुणी बिचारा म्हणत नाही.

'मुतुफेनुआ' हे चांद्रमासाच्या शेवटच्या रात्रीचं नाव. इंग्रजी वाचकासाठी शीर्षकाखाली "चंद्र झोपतो" अशी जोड द्यावी लागली. आपण म्हणू, अमावस्या. ज्यांच्या भिंतीवर तिथींचं कॅलेंडर आहे त्यांना रात्रींना नावं असतात हे समजावून द्यावं लागत नाही. या कादंबरीत रिपेका नावाची मुलगी एका पाकेहा मुलाशी, म्हणजे गोऱ्या मुलाशी लग्न करते आणि शेवटी आपलं पहिलं मूल आपल्या आईजवळ वाढायला ठेवते. इंग्रजी वाचकाला हा मोठा धक्का असतो. मी मात्र वाचताना माझ्या मावसबहिणीचा विचार करत होते, जी आजोळी वाढली आणि त्याबद्दल कुणालाच कधी काही खुलासा द्यावा लागला नाही. सारखं आहे असं म्हणत नाही. माओरींमध्ये त्याला 'फांगाई' म्हणतात, त्याचे त्यांचे नियम आहेत, आणि मुलाला आपले जन्मदाते माहीत असतात. पण आपण दारातून आत तरी शिरू शकतो.

आणि 'फेनुआ'. या एका शब्दाचे दोन अर्थ: जमीन आणि वार, म्हणजे बाळंतपणात मुलामागून पडते ती. मूल जन्मलं की त्याची वार आपल्या जमिनीत पुरायची ही पद्धत आजही आहे. इथल्या हॉस्पिटलात ती घरी नेणार का असं विचारतात. माझ्या बाळंतपणात नर्सने मलाही विचारलं होतं आणि मी गोंधळून नाही म्हणाले. गावी माझी आजी म्हणायची, "माझी नाळ इथं पुरलीय, मी कुठं जाऊ?" पुण्याला मुलाकडे राहायला यायला तयार नव्हती. आजीचं ते वाक्य माओरीत करायचं असेल तर फार खटपट लागणार नाही.

घराचं बघा. 'पोतिकी'ची सुरुवातच लाकूड कोरणाऱ्या कारागिरापासून होते, कारण गोष्ट एका फारेनुईची, सभागृहाची, आहे. फारेनुई म्हणजे पूर्वजाचं शरीर. आढं हा त्याचा पाठीचा कणा, वासे म्हणजे बरगड्या, दर्शनी बाजूला उतरत आलेल्या फळ्या म्हणजे पसरलेले हात. तुम्ही आत शिरता म्हणजे त्याच्या छातीत शिरता. कोरलेल्या खांबांत घराण्यातली माणसं उभी असतात. कौलारू घरात वाढलेल्या माणसाला आढं आणि वासे हे शब्द द्यावे लागत नाहीत, फक्त ते अंगाला जोडून दाखवावे लागतात. घर फिरलं की वासेही फिरतात असं आपण म्हणतो. तिथे वाशांवर पणजोबा आहेत, ते कुठे फिरणार?

म्हणून माझी सूचना अशी की मोठ्या वर्गातल्या मुलांनी 'बटरफ्लाईज' मराठीत करावी. एक पान आहे. वर्षभरात एकदा, दोन रविवार. ग्रेस यांच्या दुसऱ्या कथा घेतल्या तर माओरी शब्द तसेच ठेवावेत, खाली शब्दार्थ न देता. पाठ्यपुस्तकातल्या धड्याखाली "शब्दार्थ" वाचत आपण वाढलो, त्यामुळे ते नसलं की आपल्याला उघडं वाटतं, हे मला कबूल आहे. पण मुलाला 'कुइया' म्हणजे कोण हे गोष्टीतूनच कळतं. आजीसारखी बोलते, आजीसारखी रागावते, ती कुइया. १९८१ मध्ये त्यांनी रॉबिन काहुकिवा यांच्या चित्रांसह कुइया आणि कोळी यांचं पुस्तक केलं, ते इंग्रजीत आणि माओरीत दोन्हीकडे निघालं. म्हातारी आणि कोळी भांडतात, कुणाचं विणकाम सरस म्हणून. लहान वर्गाला हे वाचून दाखवा. नऊवारीतली आजी आणि कोळी असं नाटक आपली पोरं आपणहून बसवतील.

आता "जमीन-बिमीन".

'पोतिकी'त किनाऱ्यावरच्या एका वस्तीकडे बिल्डर येतो. त्याचं नाव डॉलमन, पोरं त्याला डॉलरमॅन म्हणतात. त्याला हॉटेल आणि करमणुकीचं केंद्र उभारायचंय, आणि तिथे जाणारा रस्ता या लोकांच्या जमिनीतून हवाय. नोकऱ्या येतील, पैसा येईल. लोक शांतपणे म्हणतात, आम्हाला काम आहे, आम्ही बागा करतोय, मासे आहेत, आणि इथे आमची माणसं पुरलेली आहेत. मग पाणी वळवलं जातं आणि बागा, स्मशान बुडतात. मग फारेनुईला आग लागते. मग ते ती पुन्हा उभारायला घेतात. पुढचं सांगत नाही.

कादंबरीतलं सोडा. प्लिमर्टनच्या किनाऱ्यावर आपली मंडळी सहलीला जातात. तिथून बंदराच्या तोंडापलीकडे फितिरेइआचा डोंगर दिसतो. १८४८ मध्ये ङाती तोआने ती जमीन चर्चला दिली, आपल्या मुलांसाठी शाळा काढा म्हणून. शाळा कधी निघालीच नाही. जमीन मात्र सरकारी सनदेने बिशपच्या नावावर गेली. वी पाराता नावाच्या माओरी पुढाऱ्याने, जो संसदेत खासदारही होता, ती परत मागायला कोर्टात धाव घेतली. १८७७ मध्ये सरन्यायाधीश प्रेंडरगास्ट यांनी निकाल दिला. जमीन मिळाली नाहीच, वर माओरी प्रमुख आणि ब्रिटिश राजसत्ता यांच्यात झालेल्या १८४० च्या वाइतांगी कराराला कायद्याच्या दृष्टीने काही किंमत नाही असं त्यांनी लिहून ठेवलं. ते वाक्य पुढे कित्येक दशकं माओरींच्या डोक्यावर बसलं.

पॅट्रिशिया ग्रेस या वी पाराता यांच्या वंशातल्या. वाइकानाए इथे त्याच पूर्वजाच्या जमिनीतला एक शेवटचा तुकडा त्यांच्याकडे उरला होता. कापिटी एक्स्प्रेसवे त्यावरून जाणार असं ठरलं आणि सरकारने सक्तीने संपादन करायचं योजलं. 'पोतिकी' लिहून पाव शतक उलटून गेलं होतं. लेखिकेला आपलीच कादंबरी पुन्हा जगायची वेळ आली, फक्त डॉलमनच्या जागी सरकार. पंचाहत्तरी उलटलेल्या या बाई कोर्टात उभ्या राहिल्या. माओरी लँड कोर्टाकडून त्यांनी त्या तुकड्याला राखीव माओरी जमिनीचा दर्जा मिळवला, आणि २०१४ मध्ये एन्व्हायर्नमेंट कोर्टाने सांगितलं की दुसऱ्या पर्यायांचा पुरेसा विचार न करता ही जमीन घेता येणार नाही. सरकारला माघार घ्यावी लागली. रस्ता झालाच, २०१७ मध्ये सुरू झाला, १८ किलोमीटरचा. त्यांच्या जमिनीवरून मात्र गेला नाही.

पूर्वज १८७७ मध्ये हरला, त्याच्या घराण्यातली लेखिका २०१४ मध्ये जिंकली. मध्ये एकशे सदतीस वर्षं.

वेलिंग्टनकडून उत्तरेला जाणारे आपण सगळे हा रस्ता वापरतो. मागच्या दिवाळीत आम्ही दोन कुटुंबं एका गाडीने पामर्स्टन नॉर्थला निघालो होतो. वाइकानाएजवळ मागच्या सीटवरून कुणीतरी म्हणालं, "या लोकांमुळे हा रस्ता किती रखडला होता!" गाडीत सगळे "हो ना" म्हणाले. मीही काही बोलले नाही. गाडीत लहान मुलं होती, फराळाचे डबे होते, वाद कशाला. पण बोलणाऱ्याच्या गावची जमीन महामार्गात गेलीय हे मला माहीत होतं. त्याच्या वडिलांनी मोजणीचे दगड उपटून टाकले होते, ही गोष्ट त्यानेच मला अभिमानाने सांगितली होती. दोन गोष्टी एकाच माणसाच्या तोंडून ऐकून मला काय बोलावं ते सुचलं नाही. आज लिहिते आहे ते त्या न बोलण्याबद्दलही आहे.

आपण इथे करारामुळे आलो. वाइतांगीचा करार नसता तर इथल्या सरकारला आपल्याला व्हिसा द्यायचा अधिकारच कुठून आला असता? इथले लोक आपल्यासारख्यांना 'तांगाता तिरिती' म्हणतात, म्हणजे कराराने आलेली माणसं. आपण 'तांगाता फेनुआ' नाही, त्या जमिनीची माणसं नाही. मला हे अपमानास्पद वाटत नाही. पाहुण्याने यजमानाचं घर कसं उभं राहिलं ते माहीत करून घ्यावं, इतकंच. आणि गव्हर्नरांच्या पुतळ्यांपेक्षा ते 'कझिन्स' वाचून जास्त कळतं. त्यात तीन चुलत-मावस बहिणी आहेत, त्यातल्या माताला तिच्या माणसांपासून तोडून अनाथाश्रमात वाढवतात आणि नाव बदलून 'मे' करतात. तिला माणसं आहेत हे कुणी तिला सांगतच नाही. २०२१ मध्ये त्यावर सिनेमाही आला. आपली मुलं इथल्या शाळेत पहिल्या दिवशी आपलं नाव तोडून सांगतात, शिक्षकांना सोपं जावं म्हणून. आपणच शिकवतो तसं. 'कझिन्स' मोठ्या मुलींच्या हाती द्या, त्यांना वेगळं सांगावं लागणार नाही.

कपाटात शिवचरित्र आहे याचा मला आनंदच आहे, त्यामुळे एक गोष्ट सांगते. ग्रेस यांच्या एका कादंबरीचं नाव 'तू' आहे. पुस्तकाच्या पाठीवर ते बघून मी पहिल्यांदा मराठीच समजले आणि प्रेमकविता असेल म्हणून हसले. 'तू' हा माओरींचा युद्धदेव. कादंबरी माओरी बटालियनबद्दल आहे, जी दुसऱ्या महायुद्धात इटलीत लढली. लेखिकेचे वडीलही तिच्यात होते. २००४ चं पुस्तक. कासिनोच्या लढाईत न्यूझीलंडची फौज आणि भारताची चौथी डिव्हिजन एकाच कोअरमध्ये होत्या. ९ एप्रिल १९४५ ला सेनिओ नदी ओलांडताना न्यूझीलंडची डिव्हिजन आणि आठवी भारतीय डिव्हिजन शेजारी शेजारी होत्या, आणि त्याच दिवशी, त्याच नदीवर, मराठा लाइट इन्फंट्रीच्या शिपाई नामदेव जाधवांनी जखमी साथीदारांना पाठीवर वाहून आणलं, ज्यासाठी त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ते नगर जिल्ह्यातले. दुसऱ्याच्या साम्राज्यासाठी लढायला गेलेली दोन शेतकरी जमातींची पोरं, एकाच चिखलात. घरी परतल्यावर आपल्याला बरोबरीने वागवतील ही माओरी पोरांची आशा कशी फोल ठरली हे 'तू'मध्ये आहे. आपल्या बाजूची तशी कादंबरी मी शोधते आहे.

पॅट्रिशिया ग्रेस यांनी एकदा शिक्षकांसमोर सांगितलं होतं की माओरी मुलांसाठी पुस्तकं धोकादायक असू शकतात. ज्या पुस्तकांत तुमच्या चालीरीतींना, मूल्यांना जागाच नाही ती धोकादायक. ज्यांत फक्त दुसऱ्यांबद्दलच लिहिलंय ती तर सांगतात की तुम्ही अस्तित्वातच नाही. तुमच्याबद्दल लिहिलंय पण खोटं लिहिलंय, ती धोकादायक. आणि तुम्ही वाईट आहात असं सांगणारी. हे वाचल्यावर मी आपल्या शाळेचं कपाट उघडून पाहिलं. मराठी मुलासाठी ते सुरक्षित आहे, चांगलंच सुरक्षित. पण त्या कपाटाच्या हिशेबाने, हे मूल ज्या देशात राहतं तिथे माओरी माणूसच नाही. धक्क्यावरचे आजोबा नाहीत. त्यांनी सोडलेला मासा नाही.

त्या मुलाकडे मी गेल्या महिन्यात गेले होते. आता अकरा वर्षांचा आहे, आवाज फुटायच्या बेतात. म्हटलं, तुझा तो निबंध मी चुकीचा तपासला होता, पुन्हा लिहून देशील का? तो म्हणाला, "बाई, तो मासा टांगारोआचा असतो. समुद्राचा. पहिला त्याला द्यायचा, मग बाकीचे आपले." मग थोडं थांबून म्हणाला, "मी तेव्हा टांगारोआ लिहिलं नव्हतं, कारण तुम्ही अर्थ विचारला असता."

पुढच्या बैठकीला मी येणार आहेच, पण वाट बघत नाही. 'पोतिकी', 'कझिन्स', कुइया-कोळ्याचं पुस्तक आणि 'बटरफ्लाईज' ज्यात आहे तो 'इलेक्ट्रिक सिटी' हा कथासंग्रह, माझ्या स्वतःच्या प्रती आहेत. 'पोतिकी' जुन्या पुस्तकांच्या दुकानातली आहे, तिच्या पाठीचा डिंक सुटलाय, पानं सांभाळून उलटावी लागतील. कपाटाची एक किल्ली माझ्याकडे आहे. येत्या रविवारी वर्ग सुटल्यावर अंकलिपीशेजारच्या फळीवर ठेवते. खर्च मंजूर झाला तर ठीक, नाही झाला तरी पुस्तकं तिथेच राहू द्या. दुसऱ्या गावातल्या मंडळांना यादी हवी असेल तर शाळेच्या पत्त्यावर कळवा, मी हाताने लिहून पाठवीन. शब्दार्थ पाठवणार नाही.

आपली,
पोरिरुआतली एक रविवारची बाई